पैसे भरून चिखल

लेकीने आधी नाव नोंदवलं आणि मग विचारलं. ही पद्धत ती बाबांकडूनच शिकली आहे. उन्हाळी पोहण्याचं शिबिर, गीतापठणाची स्पर्धा, स्कॉलरशिपचा क्लास, सगळीकडे तिचं नाव असंच आधी लागलं आणि बातमी मागाहून जेवणाच्या ताटावर आली. आता ती 26 वर्षांची आहे, हिंजवडीला नोकरी करते आणि सूड घेण्याइतका पगार तिला मिळतो.

"बाबा, सहा किलोमीटर आहे. अठरा अडथळे. आणि चिखल."

"किती पैसे?"

तिने आकडा सांगितला. बाबा थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चिखलाचे वेगळे, की धरून?"

हे बाबा पुण्यातले कुठलेही बाबा समजावेत. प्रत्येक सोसायटीत असे तीन-चार असतात. वय 57, वीजखात्यातली नोकरी संपत आलेली, पहाटे टेकडी, रात्री बीपीची एक गोळी आणि मधल्या वेळात पाण्याच्या टाकीवर लक्ष.

प्रश्न मात्र रास्त होता. ज्या मुलखात जूनपासून चिखल स्वतः चालत दारापर्यंत येतो, तिथे त्याचे पैसे का द्यावेत? मावळात पावसाळ्यात खाचरांची चिखलणी चाललेली असते, लावणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी हवालदिल असतो. आणि त्याच तालुक्याच्या आसपास कुठेतरी आयटीतली दोन हजार माणसं पैसे भरून, रांग लावून, शिट्टी वाजताच गुडघाभर चिखलात उड्या मारतात. शेतकऱ्याला ही अक्कल वेळेवर सुचली असती तर लावणीही झाली असती आणि वर तिकिटाचे पैसे मिळाले असते.

ही अक्कल सुचली ती एका इंग्रज माणसाला. वूल्व्हरहॅम्प्टनजवळ पर्टन नावाच्या गावी बिली विल्सन नावाचे माजी सैनिक राहत. मिशा शिंगांसारख्या दोन्ही बाजूंनी वळलेल्या, आणि टोपणनाव 'मिस्टर माऊस'. 1987 साली त्यांनी आपल्या शेतावर 'टफ गाय' नावाची शर्यत सुरू केली. इंग्लंडातला जानेवारी, गोठलेली तळी, चिखलाचे चर, अंधारी भुयारं. उतरणाऱ्याकडून आधी एका कागदावर सही घेत, त्याचं नाव 'डेथ वॉरंट'. मजकुराचा मथितार्थ एवढाच, की काही झालं तर चूक माझी, मी मुळात इथे आलोच कशाला. आपल्याकडे हे वाक्य लग्नाच्या पंक्तीत तिसऱ्या तासाला ऐकू येतं. विल्सनसाहेबांनी ते आधीच लेखी घेतलं.

मग हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या विल डीन नावाच्या तरुणाने या शर्यतीचा अभ्यास केला, आणि 2010 मध्ये गाय लिव्हिंगस्टन या मित्राबरोबर अमेरिकेत 'टफ मडर' काढली. पहिली शर्यत 2 मे 2010 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या एका स्कीइंगच्या डोंगरावर झाली. साडेचार हजारांच्या आसपास माणसं चिखलात लोळून समाधानाने घरी गेली. मिस्टर माऊस संतापले. कल्पना माझी, चिखल माझा, असं म्हणत प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी 7 लाख 25 हजार डॉलरवर मिटलं. चिखलावरून कोर्टकचेरी हे ऐकून जगाला हसू आलं असेल. बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी तीन पिढ्या तारखा घेणाऱ्या महाराष्ट्राला यात काही वावगं दिसण्याचं कारण नाही.

त्याच 2010 मध्ये जो डी सेना यांनी व्हरमाँटमध्ये 'स्पार्टन रेस' सुरू केली. तिची ख्याती अशी, की अडथळा जमला नाही तर दंड तीस बर्पींचा. बर्पी म्हणजे खाली बसा, आडवे व्हा, दंड काढा, उठा, उडी मारा. शाळेत एकेकाळी उठाबशा होत्या. हा त्यांचा फॉरेन-रिटर्न भाऊ. 2020 मध्ये स्पार्टनने टफ मडरला विकत घेतलं आणि दोन चिखल एकाच सातबाऱ्यावर आले. भारतात 2012 पासून 'डेव्हिल्स सर्किट' ही पाच किलोमीटर आणि पंधरा अडथळ्यांची शर्यत शहरोशहरी फिरते आहे, आणि तिच्या पाठोपाठ त्याच धर्तीच्या लहानमोठ्या शर्यती निघाल्या. त्यातल्याच एकीत बाबांचं नाव लागलं होतं.

बाबांनी अभ्यास सुरू केला. मोबाईलवर व्हिडिओ बघताना त्यांना टफ मडरच्या अडथळ्यांची नावं कळली. एकाचं नाव 'आर्क्टिक एनिमा'. बर्फाने भरलेला हौद, त्यात उतरायचं आणि मध्ये आडव्या टाकलेल्या फळीखालून डोकं बुडवून पलीकडे निघायचं. "एनिमा?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाळंतपणाच्या वेळचा? त्याचेही पैसे?" दुसऱ्याचं नाव 'इलेक्ट्रोशॉक थेरपी'. चिखलाच्या वर तारा लोंबतायत, त्यातल्या काहींत दहा हजार व्होल्टपर्यंतचा झटका, आणि ओल्या अंगाने मधून पळायचं. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस मरत नाही, नुसता आडवा होतो. बाबांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. ओल्या हाताने बटण दाबू नये, हे सांगण्यात ज्या माणसाची 33 वर्षं गेली, त्याला तो सगळा प्रकार वैयक्तिक अपमानासारखा वाटला.

सर्वांत मनाला लागली ती टफ मडरची शपथ. शर्यत सुटण्याआधी सगळ्यांनी मिळून ती म्हणायची. ही शर्यत नाही, आव्हान आहे. माझ्या वेळेपेक्षा सोबत्याला मदत महत्त्वाची. आणि मी कुरकुर करणार नाही, कारण कुरकुर लहान मुलं करतात. हे ज्याने लिहिलं त्याने पन्नाशीतल्या माणसाला घेऊन चार जिने चढून बघितलेले नसावेत.

लेकीने त्यांना धीर दिला, तोही इतिहास सांगून. अडथळ्यांची शर्यत हा व्यायामाचा जुना आणि गंभीर प्रकार आहे, ती म्हणाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने चढणं, रांगणं, तोल सांभाळणं, ओझं वाहणं यांची व्यायामपद्धती बसवली. बलवान व्हायचं ते कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी, असं त्याचं म्हणणं. फ्रेंच सैन्यात अडथळ्यांच्या त्या वाटेला 'पार्कूर' म्हणू लागले. रेमों बेल नावाचा एक मुलगा लष्कराच्या शाळेत तिच्यावर वाढला, पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला, आणि त्याच्याकडून ऐकत, शिकत त्याचा मुलगा दाविद याने गच्चीवरून गच्चीवर उड्या मारण्याची ती कला जगभर नेली.

"म्हणजे तिथे बापाने मुलाला शिकवलं," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि इथे?"

लेक म्हणाली, उद्यापासून प्लँक सुरू कर.

बाबांच्या घराण्यात माती अगदीच परकी नव्हती. त्यांचे वडील कोल्हापूरच्या तालमीतले. आखाड्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. तिथे पैलवानाला खुराक असतो तसा मातीलाही असतो. गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो, अंगाला तेल चोपडून बापये आणि पोरं एकाच चिखलात लोळतात, त्याला कुणी प्रवेशशुल्क लावलेलं नाही. पण मधल्या एका पिढीत काहीतरी झालं. तालमीतल्या बापाच्या मुलाला फ्लॅट मिळाला, फ्लॅटला पांढऱ्या फरश्या आल्या, आणि त्या मुलाने आपल्या मुलीला पहिली पंधरा वर्षं एकच गोष्ट शिकवली: चिखलात जाऊ नकोस. बूट बाहेर. पाय धुतलेस का? कानामागे बघू.

शर्यतीच्या सकाळी सहा वाजता तिघं गाडीत बसली. आईने सीटवर आधी जुनी चादर, चादरीवर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर आठवड्याची वर्तमानपत्रं अंथरली होती. जाताना सगळे कोरडेच होते, तरीही. बाबांनी पायात घातलेले बूट बारा वर्षांपूर्वीचे. "टाकायचेच आहेत, जातील कामी," असं गेली आठ वर्षं म्हणत त्यांनी ते सांभाळून ठेवलेले. अंगात सुती टी-शर्ट, कुठल्याशा बँकेच्या शाखा-उद्‌घाटनात मिळालेला. लेकीने सांगून पाहिलं की सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं, अंगाला चिकटतं, पॉलिस्टरचा घाल. बाबा म्हणाले, पॉलिस्टरने घाम येतो.

फाटकाशी फॉर्म होता. तो आजवर कुणी वाचला असेल तर तो बाबांनी. चष्मा लावून, ओठ हलवत, चारही पानं. मागची रांग वाढत गेली. "'अपरिवर्तनीय' म्हणजे पैसे परत नाहीत की प्रकृती परत नाही?" असं त्यांनी टेबलामागच्या मुलाला विचारलं. 'आणीबाणीत कुणाला कळवावे' या रकान्यात बाबांनी लेकीचा नंबर लिहिला. लेकीने बाबांचा लिहिला होता. दोघं एकाच खड्ड्यात पडली असती तर दोघांचेही फोन सामानघरात वाजत राहिले असते, आणि दहा पावलांवर दोरीपलीकडे चटई टाकून बसलेल्या आईला कुणीही काही कळवलं नसतं.

पहिला किलोमीटर बाबा पुढे होते. टेकडीची सवय. "दमलीस का?" असं त्यांनी मागे वळून दोनदा विचारलं. हे वाक्य त्या दिवशी त्यांच्याकडून शेवटचं आलं.

मग काटेरी तारा. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, खाली चिखल. मैदान एरवी कोरडं. चर जेसीबीने खणलेला, पाणी टँकरचं, म्हणजे हा चिखल मुद्दाम तयार केलेला. पोटावर सरपटायचं. तरुण माणूस कोपरांवर सरपटतो. पन्नाशीचा माणूस पोट हा स्वतंत्र अडथळा बरोबर घेऊन आलेला असतो. "बाबा, डोकं खाली!" "बाबा, ढुंगण खाली!" आणि दोरीपलीकडून आई, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं: "अहो, तोंड मिटा!"

आईचं बरोबर होतं, आणि त्याला अमेरिकी सरकारचा दाखला आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये नेवाडात गुरांच्या रानावर अशीच एक लांब पल्ल्याची शर्यत झाली. नंतर पोट बिघडलेल्यांची चौकशी अमेरिकेच्या साथरोग यंत्रणेने केली, 22 रुग्ण निघाले, आणि निष्कर्ष असा की कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू शेणामुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून तोंडावाटे पोटात गेला. 'चिखल तोंडात घालू नकोस' हे प्रत्येक आईने दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला दहा वेळा सांगितलेलं वाक्य; त्यावर मोठ्या माणसांसाठी अहवाल लिहावा लागला.

चिखलाचा मुख्य खड्डा यानंतर होता, मांडीपर्यंतचा. इथे एक शास्त्रीय गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चिकण चिखलात रुतलेला पाय सरळ वर ओढला की पायाखाली पोकळी होऊ बघते, तिच्यात शिरायला हवेला वाट नसते, आणि चिखल पाय खाली धरून ठेवतो. म्हणून पाय आधी हलवायचा, टाच तिरपी करायची, वाट करून द्यायची आणि हळूच काढायचा. म्हशीला हे उपजत कळतं. बाबांनी सरळ ओढला. पाय आला. मोजा अर्धा आला. बूट आला नाही.

"बूट!" बाबा ओरडले.

"राहू दे, बाबा."

"अगं, बूट राहिला!" त्यांनी कोपरापर्यंत हात घालून शोधलं. एक बाटलीचं झाकण आणि कुणाचा तरी केसांचा चाप सापडला. मागून येणारी मुलं वळसा घालून जात होती. लेकीने त्यांना दंडाला धरून ओढलं, खेळण्यांच्या दुकानासमोरून पोराला ओढतात तसं. ते मागे बघत बघत निघाले.

भिंत आठ फुटांची होती. बाबा तिच्यापुढे येऊन उभे राहिले, आणि नुसते उभेच राहिले.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, आधुनिक पेंटॅथलॉनच्या मैदानात सेंट बॉय नावाचा घोडा असाच उभा राहिला होता. त्या खेळात स्वाराला अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळतो. जर्मनीची आनिका श्लॉय पहिल्या क्रमांकावर होती. घोड्याने उडी मारायला नकार दिला, ती त्याच्या पाठीवर बसून रडली, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला, आणि जगभर एवढा गहजब झाला की पुढे त्या खेळातून घोडाच काढून टाकायचं ठरलं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याच्या जागी काय? अडथळ्यांची शर्यत. घोडा उडी मारेना, तेव्हा माणसांनीच मारावी असा तोडगा निघाला. घोड्याच्या अकलेबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

लेक आधी चढली. त्यासाठी बाबा वाकले, तिने त्यांच्या खांद्यावर पाय दिला. हे दोघांनाही सवयीचं होतं. गणपतीच्या मिरवणुका तिने याच खांद्यावरून पाहिल्या आहेत, तेव्हा वजन बारा किलो होतं आणि बूट धुतलेले असत. ती वर जाऊन भिंतीवर पालथी झाली आणि खाली हात सोडला. खाली 82 किलोचे बाबा, एका पायात बूट, दुसऱ्यात चिखलाचा मोजा. दहीहंडीत सगळ्यात लहान पोर वर असतं आणि थोराड मंडळी खालच्या थराला, यामागे किती विचार आहे हे अशा वेळी कळतं.

"बाबा, उडी मार आणि हात धर!"

"तुझा खांदा निखळेल."

"नाही निखळत."

"लहानपणी निखळला होता. कोपर. दिवाळीत."

तेवढ्यात मागून तीन अनोळखी तरुण आले. एकाने बाबांचा डावा पाय धरला, दुसऱ्याने उजवा, तिसऱ्याने जे शिल्लक होतं ते. "काका, घाबरू नका. काका, आता!" या शर्यतीत ओळखदेख लागत नाही; पिकल्या केसांचा जो दिसेल तो सगळ्यांचा काका. काका वर गेले. वरच्या हाताने मनगट पकडलं. क्षणभर ते भिंतीवर आडवे, पोटावर तोलून राहिले, दोरीवर टाकलेल्या सतरंजीसारखे. मग पलीकडे पडले. पलीकडेही चिखल होता. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. त्या फोटोत लेक हसते आहे आणि बाबांचे फक्त तळपाय दिसतात, एक बुटातला, एक बिनबुटाचा.

लोंबत्या कड्यांचा अडथळा बाबांनी तिसऱ्या कडीवर सोडला आणि खालच्या पाण्यात बसले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही.

शेवटी बर्फाचा हौद. बाबांनी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं, डॉक्टरांनी त्यांच्याकडे, मग लेकीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहून "उतरायलाच हवं का?" असं विचारलं होतं, आणि ईसीजी काढून मग नाइलाजाने परवानगी दिली होती. एकदम गार पाण्यात गेलं की माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो, मग धाप लागते, पहिल्या अर्ध्या मिनिटात ती सर्वांत जोरात असते आणि मिनिट-दोन मिनिटांत उतरते; तेवढ्या वेळात तोंड पाण्याबाहेर राहणं महत्त्वाचं. हे सगळं बाबांना पाठ होतं. ते पायऱ्यांनी उतरले, कमरेपर्यंत गेले आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला: "आई गं!"

"काय हो?" दोरीपलीकडून उत्तर आलं. घरात ते बायकोला 'आई' म्हणूनच हाक मारतात. "काय पाहिजे? टॉवेल आणू?"

हौदातले सातही जण हसले आणि त्यामुळे त्यांचा श्वास सुटला. लेक इतकी हसली की तिला बाहेर काढायला बाबांना हात द्यावा लागला. नोंद घ्यावी, कारण दिवसभरात हात त्या दिशेने गेला तो एवढा एकदाच.

पदक मिळालं, केळं मिळालं, टी-शर्ट मिळाला, तो पॉलिस्टरचा. वेळ एक तास 52 मिनिटं. बाबांनी पदक गळ्यात घातलं, केळं खिशात ठेवलं आणि आयोजकांच्या तंबूकडे गेले. सापडलेल्या वस्तूंच्या ढिगात अकरा बूट होते. बाबांनी सगळे उलटेपालटे करून बघितले. दोन डावे त्यांच्या मापाचे होते. त्यांचा उजवा गेला होता.

परतताना वर्तमानपत्रांचा लगदा झाला. सोसायटीत वॉचमनने गाड्या धुवायचा पाइप आणून दिला आणि पार्किंगमध्ये आईने दोघांना ओळीने उभं करून धुतलं. पाइप हातात घ्यायची तिला कधीचीच हौस असावी. "वळा," ती म्हणत होती, "दुसरी बाजू." कपडे मात्र तिने लगेच भिजवू दिले नाहीत, चिखल आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा, मग ब्रश, पाणी शेवटी, नाहीतर डाग धाग्यात उतरतो. बँकेचा टी-शर्ट चार दिवस गॅलरीत कडक होऊन उभा होता. लेकीने त्याचे वेगळे फोटो काढले.

सोमवारी बाबांना भात कालवताना हात वर नेता येईना. मंगळवारी जिना उतरता येईना. चढता येत होतं. बुधवारी त्यांनी टेकडीवर सगळ्यांना भिंतीची गोष्ट सांगितली. तिच्यातली भिंत दहा फुटांची होती.

उरलेला डावा बूट गॅलरीत शेवंतीच्या कुंडीशेजारी आहे. आईने तो दोनदा कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि बाबांनी दोनदा काढला. एक बूट टाकला आणि दुसरा सापडला तर काय करायचं, हा त्यांचा मुद्दा आहे आणि त्याला घरात कुणाकडे उत्तर नाही. मागच्या आठवड्यात लेकीने जेवताना सांगितलं की पुढची शर्यत दहा किलोमीटरची आहे आणि तिने दोघांची नावं दिली आहेत. बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. आमटी वाढून घेतली, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "मैदान तेच आहे ना?"